शेनांडोआ नॅशनल पार्कच्या व्हिजिटर सेंटरला कुत्रा नेता येतो का?

तुम्ही मेरीलँडहून लॅब्रेडॉरला घेऊन शनिवार-रविवार शेनांडोआला निघालाय आणि व्हिजिटर सेंटरपाशी त्याचं काय करायचं, असं विचारलंय. खुशाल न्या, फक्त इमारतीत नाही. अमेरिकेतली बरीच नॅशनल पार्कं कुत्र्याला पार्किंगच्या पुढे फारसं सरकू देत नाहीत. इथे मात्र ५०० मैलांच्या पायवाटांपैकी २० मैलसुद्धा बंद नाहीत.

गोम अशी की बंद असलेल्या वाटा नेमक्या व्हिजिटर सेंटरच्या तोंडाशी आहेत. डिकी रिज सेंटरसमोरची (पार्कातून जाणाऱ्या स्कायलाइन ड्राइव्ह रस्त्यावर मैलाचा दगड ४.६) फॉक्स हॉलो बंद. बिग मेडोजच्या बर्ड (Byrd) व्हिजिटर सेंटरजवळची (मैल ५१) स्टोरी ऑफ द फॉरेस्ट बंद. तिथून हाकेच्या अंतरावरचा डार्क हॉलो धबधबा, जिथे सगळं जग जातं, तोही बंद. लग्नाला बोलावून मांडवात घेत नाहीत, तसला प्रकार!

इमारतीतही कुत्रा चालत नाही, प्रशिक्षित सर्व्हिस डॉग सोडून. आम्ही पाळी लावतो: एकजण आमच्या कुत्रीला, भुरीला, घेऊन बाहेर सावलीत, दुसरा आत नकाशा घ्यायला. गाडीत ठेवून 'पाच मिनिटांत येतो' हे अजिबात नको. डोंगरावर गार वाटलं तरी उन्हात बंद गाडी भराभर तापते. आणि रेंजरशी बोलताना 'कुत्रा सोबत आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर तो हमखास डार्क हॉलोच सुचवेल.

मग गाडी काढा आणि थोडं उत्तरेला या. मैल ४९.४ ला फिशर्स गॅपहून 'रोज रिव्हर लूप' ही गोल फिरून येणारी वाट, साधारण चार मैल. खाली ओढा लागला की भुरी पोटापर्यंत पाण्यात उभी राहते आणि हलायचं नाव घेत नाही. चढ परतीच्या वाटेवर आहे, तेव्हा कुत्र्याचं (आणि तुमचं) वय बघून ठरवा. दम नसेल तर मैल ४६.७ हून हॉक्सबिल: ४,०५१ फूट, पार्कातलं सर्वांत उंच शिखर, तरी जाऊन-येऊन दोनेक मैलच.

लीश सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही. लांबणारी असेल तर आखडून लॉक करा, विशेषतः बिग मेडोजच्या कुरणात. तिथली हरणं पळत नाहीत, उभी राहून टक लावून बघतात आणि आपला कुत्रा वेडापिसा होतो. त्याच गवतात गोचिड्याही असतात. गाडीत बसण्याआधी कानांच्या आत आणि पायाच्या बोटांमध्ये बोट फिरवून बघा. शी उचलायच्या पिशव्या घरूनच न्या.

फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही, नकाशा आधीच उतरवून ठेवा. मुक्काम करणार असाल तर स्कायलँड आणि बिग मेडोज लॉज, दोन्हीकडे कुत्रा चालणाऱ्या काही खोल्या आहेत, जादा पैसे पडतात. ऑक्टोबरात त्या फार लवकर जातात.