जेआरएफ हुकली, आता जर्मनी?

प्रश्न : ताई, एमएस्सी केमिस्ट्री झालंय, नेट परीक्षा निघाली पण जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) थोडक्यात हुकली. जर्मनीत पीएचडीला घरून पैसे लागतील का? – एक वाचक, सांगली

उत्तर : अरे, कर्ज काढायची घाई अजिबात करू नकोस. तिकडे बऱ्याच ठिकाणी पीएचडी म्हणजे रीतसर नोकरीच असते, जाहिरातीत ‘टीव्ही-एल ई13, 65 टक्के’ असं दिसलं की समजायचं, टीव्ही-एल या जर्मन राज्यांच्या वेतनकरारातल्या ई13 ग्रेडच्या पगाराचा 65 टक्के मिळणार, पण लॅबमध्ये मात्र दिवसभर असावं लागतं. डाडच्या (डीएएडी, परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारी जर्मन संस्था) साइटवरही जागा बघ. आणि प्लीज, एकच ‘रिस्पेक्टेड सर’वाला मेल पन्नास प्राध्यापकांना पाठवू नकोस, त्यांचा एक पेपर नीट वाच, त्यातलं तुला काय करायचंय ते दोन ओळीत लिही. तोवर पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) यांच्या प्रोजेक्ट पोस्टना अर्ज टाकत रहा, तिथला अनुभव खरंच कामाला येतो.