सई, तुझ्या चाळीस तासांबद्दल

प्रिय सई,

काल जेवताना तू विचारलंस, "आई, चाळीस तास भरले की फूड बँकेत जाणं बंद केलं तर चालेल ना? तुमच्याकडे होतं का असं काही?" मी "बघू" म्हणाले आणि भांडी आवरायला उठले. उत्तर लांबलचक होतं, म्हणून लिहितेय.

होतं. इथे ऑन्टारिओत शाळेच्या डिप्लोमासाठी तुला समाजसेवेचे ४० तास भरावे लागतात, म्हणून तू फूड बँकेत गरजूंना अन्न वाटायला जातेस. आम्हाला कॉलेजात एनएसएसचे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे, दोन वर्षांत २४० भरावे लागत. मीही १० वाढीव गुणांसाठीच नाव दिलं होतं. त्यामुळे तू तास मोजतेस याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

१९९८ च्या डिसेंबरात आमचं शिबिर साताऱ्याकडे, कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात होतं. मुक्काम शाळेत, काम ओढ्यावर वनराई बंधारा घालायचं. सिमेंटची रिकामी पोती जमवायची, त्यांत ओढ्यातलीच वाळू-माती भरायची, दाभणात सुतळी ओवून तोंड शिवायचं आणि विटांसारखी सांधा चुकवून थरावर थर रचायची. पोतं गच्च भरायचं नसतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. गच्च पोतं दगडासारखं बसतं, शेजारच्या पोत्याशी फट राहते. पहिल्या दिवशी रचलेलं सगळं गळलं.

गावातली माणसं वरून बघत होती. दुसऱ्या दिवशीही बघतच होती. मला राग आला. ओढा यांचा, पाणी यांचं आणि घाम आमचा? तिसऱ्या दिवशी एक आजोबा धोतर खोचून खाली उतरले. एक शब्द न बोलता त्यांनी आमचं एक पोतं उसवलं, घमेलंभर माती काढली, पुन्हा शिवलं आणि पायाने दाबलं. पोतं पसरलं, फट मिटली. मग वर बघून हाक मारली, "पोरं दमल्याती, या की खाली!" दुपारपर्यंत पोती पुढे सरकवणाऱ्या साखळीत गावचे कोण आणि शिबिराचे कोण, काही कळेना.

"दोन दिवस का नाही आलात?" मी विचारलं. आजोबा म्हणाले, "बोलावलं कुठं कुनी? पत्र सरपंचाला आलं. आमाला कोन इचारतंय!"

मला लाज वाटली. आम्ही मदत द्यायला गेलो होतो, 'बरोबर करू या' असं कुणाला म्हटलंच नव्हतं. त्या संध्याकाळी आजोबांकडून मी 'सावड' हा शब्द शिकले. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. तसंच इर्जिक: एकाच्या शेतात सगळ्यांचे नांगर चालतात आणि तो सगळ्यांना जेवू घालतो. यात नुसता देणारा कुणीच नसतो. सगळं गोडच होतं असं नाही. ज्याला ना जमीन ना बैल, त्याच्याशी सावड कोण करणार? पण तो शब्द माझ्या मनात रुजला.

२०१६ साली पानी फाउंडेशनच्या वॉटर कपची, म्हणजे गावांनी श्रमदानाने पाणी अडवायच्या चढाओढीची, पहिली स्पर्धा वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत झाली. श्रमदानाचे व्हिडिओ मी इथे रात्री जागून बघायचे, ते याचसाठी.

इथे आले तेव्हा माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. दोन वर्षं मंडळाच्या गणपतीला दर्शन घेऊन, प्रसाद खाऊन घरी यायचे. तिसऱ्या वर्षी "खुर्च्या मांडायला थांबू का?" असं विचारलं. तू तापाने फणफणली होतीस तेव्हा मऊ भात घेऊन आलेली मावशी मला तिथेच भेटली, खुर्च्यांच्या थप्पीपाशी.

तुझे २८ तास झालेत, १२ राहिलेत. चाळीस झाल्यावर थांबावंसं वाटलं तर थांब, मी अडवणार नाही. पण गेल्या शनिवारी गाडीत बसल्या बसल्या तू म्हणालीस, "त्या आजी आज आल्याच नाहीत, मी त्यांच्यासाठी बिनसाखरेचे पीच बाजूला ठेवले होते." ते ठेवायला तुला कुणी सांगितलं नव्हतं, सई.

तुला सोडून मी तीन तास पार्किंगमध्ये बसून असते. या शनिवारी आत येईन म्हणते. तिथल्या बाईंना आधी विचारून ठेवशील का, माझा काही उपयोग आहे का म्हणून?

तुझी,
आई