नवी इलेक्ट्रिक गाडी ताब्यात घेताना

डिलिव्हरीला दिवसाउजेडीच जा. शोरूमच्या झगमगाटात रंगावरचे ओरखडे दिसत नाहीत. हारतुरे, फोटो नंतर. आधी चार्जिंगची केबल डिकीत आहे का बघा आणि तिथेच एकदा लावून दाखवायला सांगा. पोर्टचं झाकण कसं उघडतं, केबल लॉक झाली तर कशी सोडवायची, हे हाताने करून पाहा. अॅपमध्ये गाडी तुमच्या नावावर जोडल्याशिवाय तर निघूच नका, मागाहून फोनाफोनी करत बसावं लागतं.

स्क्रीनवरची रेंज, म्हणजे उरलेल्या चार्जवर गाडी किती अंतर जाईल तो आकडा, जाहिरातीपेक्षा कमी दिसेल. घाबरू नका, तो गाडीचा अंदाज असतो. वेग, एसी, थंडी यांनुसार बदलतो. बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर रीजन ब्रेकिंग (मोटरच गाडीचा वेग कमी करते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत भरते) सुरुवातीला कमी लागतं, म्हणजे अॅक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर गाडी अपेक्षेइतकी आवरत नाही. पहिल्या वळणावर हे लक्षात असू द्या.

बॅटरी एलएफपी की एनएमसी (लिथियम बॅटरीचे दोन प्रकार), हेही विचारून घ्या. एनएमसी रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरलेली बरी. एलएफपी अधूनमधून पूर्ण भरावी लागते. सेल्समनला सांगता आलं नाही, तर मॅन्युअल उघडा.