बेलोज यांच्या चित्रातील मुष्टियोद्धे

प्रश्न : अमेरिकन चित्रकार जॉर्ज बेलोज यांच्या ‘स्टॅग ॲट शार्कीज’ या चित्रात मुष्टियोद्ध्यांचे चेहरे धड दिसत नाहीत आणि शरीररचनाही सैल वाटते. तरीही ते थोर का मानले जाते?
– एक कलाशिक्षिका, सातारा

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे, मात्र हा सैलपणा हात कच्चा असल्यामुळे आलेला नाही. बेलोज (१८८२–१९२५) विद्यापीठात बेसबॉल खेळलेले होते, त्यामुळे धावणारे, झेपावणारे शरीर त्यांना आतून ठाऊक होते. १९०४ मध्ये ते न्यूयॉर्कला चित्रकार रॉबर्ट हेन्री यांच्याकडे शिकायला आले आणि पुढे बेलोज यांचा स्टुडिओ माजी मुष्टियोद्धा टॉम शार्की यांच्या क्लबासमोरच होता. त्या काळी तेथे जाहीर मुष्टियुद्धाला कायद्याने बंदी असल्यामुळे लढती खासगी क्लबांत होत आणि लढणाऱ्यांना तेवढ्यापुरते सभासद करून घेतले जाई. ‘बोथ मेंबर्स ऑफ धिस क्लब’ (१९०९) या त्यांच्या दुसऱ्या चित्राच्या नावात हीच पळवाट आहे. त्यातील एक मुष्टियोद्धा कृष्णवर्णीय आणि दुसरा गोरा आहे, हे लक्षात घेतले की ते नाव फार बोचते.

आता ‘शार्कीज’ जवळून पाहा. चित्र सुमारे ९२ बाय १२२ सेंटिमीटरचे आहे आणि आपली नजर रिंगखालच्या गर्दीत, प्रेक्षकांच्या डोक्यांच्या पातळीवर ठेवलेली आहे. वर दोन देह एकमेकांवर आदळलेले आणि बाजूला वाकलेला पंच, असा एक त्रिकोण तयार होतो. बरगड्या आणि मांड्या रेखाटलेल्या नाहीत. ओल्या रंगावरून कुंचला ज्या जोराने ओढला, त्या फटकाऱ्यांतूनच त्या उमटल्या आहेत. असा क्षण कोणताही मॉडेल धरून ठेवू शकत नाही, म्हणून काटेकोर शरीररचनेपेक्षा ठोशाचा वेग येथे अधिक खरा ठरतो. बेलोज यांना ओढ होती ती या वेगाची, असे मला मनापासून वाटते.

तुलनेसाठी विद्यार्थ्यांना ‘डेम्प्सी अँड फिर्पो’ (१९२४) अवश्य दाखवा. जगज्जेता अमेरिकन मुष्टियोद्धा जॅक डेम्प्सी आणि अर्जेंटिनाचा लुईस फिर्पो यांच्या १४ सप्टेंबर १९२३ च्या लढतीला बेलोज वृत्तपत्रासाठी रेखाटने करायला हजर होते आणि चित्राच्या डाव्या कडेचा टक्कल पडलेला माणूस म्हणजे ते स्वतःच. डेम्प्सी दोरांमधून बाहेर फेकला गेला तो क्षण त्यात आहे, रचनाही अतिशय नेटकी आहे. पण आकृत्या गुळगुळीत, घडवलेल्या पुतळ्यांसारख्या झाल्या आहेत आणि ‘शार्कीज’मधला घाम त्यांच्या अंगावर दिसत नाही.