लिअरजेट २३ हे छोटं खासगी जेट विमान लढाऊ विमानावरून बनवलं होतं, हे कितपत खरं आहे?

पंखापुरतं खरं आहे. स्वित्झर्लंडच्या एफएफए कंपनीचं पी-१६ हे एका इंजिनाचं लढाऊ विमान १९५५ साली उडालं. मार्च १९५८ मध्ये त्याचा एक नमुना बोडन सरोवरात कोसळला आणि स्विस सरकारने १०० विमानांची मागणी रद्द केली. लिअरजेटचा निर्माता बिल लिअर याने त्यातून घेतला तो पातळ, सरळ, अनेक स्पारचा (म्हणजे पंखाच्या आतल्या आडव्या तुळयांचा) पंख आणि टोकांवरच्या इंधनटाक्या. धड नवं, शेपटीजवळची दोन इंजिनं नवी. १९६२ मध्ये सगळं काम कॅन्ससमधल्या विचिटा शहरात हललं.

माझ्या मते या विमानाला खरा आकार दिला तो १२,५०० पौंड या आकड्याने. तेव्हाच्या अमेरिकी नियमांत त्याहून जड विमानाला एअरलाइनच्या विमानांचे कडक निकष लागत, तेवढ्या वजनापर्यंत छोट्या विमानांचे सोपे. म्हणून कमाल वजन ठेवलं १२,४९९ पौंड! केबिनमध्ये ताठ उभं राहता येत नाही, त्यामागेही हीच काटकसर. इंजिनं होती जनरल इलेक्ट्रिकची सीजे-६१०, म्हणजे लष्करी जे-८५ इंजिन, पण आफ्टरबर्नरशिवाय (मागच्या झोतात जादा इंधन जाळून जोर वाढवणाऱ्या भागाशिवाय). प्रत्येकी २,८५० पौंड थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर), म्हणजे दोन्ही मिळून वजनाच्या जवळपास ४५ टक्के. चढण्याचा वेग त्यातूनच आला. पण टर्बोजेट असल्याने इंधन भरपूर पीत आणि आवाजही कानठळ्या बसवणारा. त्यावर उतारा मिळाला तो १९७३ मध्ये उडालेल्या लिअरजेट ३५ च्या टर्बोफॅन इंजिनांनी, म्हणजे पुढे मोठा पंखा असलेल्या कमी इंधन पिणाऱ्या जेट इंजिनांनी.

पहिलं उड्डाण ७ ऑक्टोबर १९६३ ला झालं. जून १९६४ मध्ये प्रमाणपत्राच्या चाचण्यांत हाच पहिला नमुना नष्ट झाला. एक इंजिन बंद पडल्याचं गृहीत धरून टेकऑफ करायचा होता, आणि पंखावरचे स्पॉयलर उघडेच राहिले. स्पॉयलरच्या फळ्या वर आल्या की पंखावरचा प्रवाह तुटतो, लिफ्ट (उचलणारा जोर) घटते आणि ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढतो. एकाच इंजिनाच्या जोरावर हे भागणारं नव्हतं. विमान शेतात उतरलं, इंधनाची नळी फुटून आग लागली. वैमानिक सुखरूप बाहेर पडले. दोष रचनेचा नव्हता, त्यामुळे ३१ जुलैला प्रमाणपत्र मिळालं. विम्याचे पैसेही ऐन गरजेच्या वेळी कामी आले.

१३ ऑक्टोबर १९६४ ला पहिलं विमान ग्राहकाकडे गेलं. एकूण शंभरावर बनली. १९६६ मध्ये त्याची जागा घेणारं मॉडेल २४ मात्र त्याच कडक निकषांवर पास करून घेतलेलं होतं.