गाजर खाल्लं की चष्म्याचा नंबर उतरतो, हे कितपत खरं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुलगी तिसरीत आहे, शाळेतल्या तपासणीत दोन्ही डोळ्यांना मायनस दीड नंबर निघाला. सासूबाई म्हणतात, एकदा चष्मा लावला की तो जन्माचा चिकटतो, त्यापेक्षा रोज सकाळी गाजराचा रस द्या, सहा महिन्यांत नंबर जाईल. तेव्हापासून रस चालू आहे आणि चष्मा कपाटात आहे. हे बरोबर आहे का?

नाही. चष्मा आजच बाहेर काढा, बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं चष्म्याचं दुकान आहे, बावीस वर्षं नंबर काढतोय. माझ्या आईचाही गाजरावर भारी विश्वास. शाळेत जाताना दप्तराच्या पुढच्या कप्प्यात धुतलेली दोन गाजरं असायचीच. आज माझा नंबर मायनस साडेचार आहे. आईला अजूनही वाटतं, मी ती गाजरं मित्रांना वाटून टाकत होतो.

पण सासूबाईंना एकदम खोटं पाडू नका, कारण या समजुतीत एक अस्सल गोष्ट दडलेली आहे. रात्री लाइट गेल्यावर पहिल्या क्षणी काय होतं ते आठवा. मिट्ट काळोख. मग हळूहळू खिडकीची चौकट दिसते, कपाटाची कड दिसते, खाली ठेवलेली कळशी दिसते. डोळ्याच्या पडद्यावर मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी असतात, त्यांना रॉड म्हणतात. एका डोळ्यात त्या सुमारे बारा कोटी. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचा पदार्थ असतो. झगझगीत उजेडात तो विरतो आणि अंधारात पुन्हा तयार होतो. तो पुरता तयार व्हायला अर्धा तास लागतो, म्हणून डोळे अंधाराला सरावायला वेळ घेतात. हा पदार्थ बनायला लागतं अ जीवनसत्त्व. जॉर्ज वॉल्ड यांनी १९३३ साली डोळ्याच्या पडद्यात अ जीवनसत्त्व असल्याचं दाखवलं. पुढे १९६७ साली त्यांना नोबेल मिळालं ते दृष्टीच्या याच रसायनाच्या कामासाठी.

गाजरात बीटा कॅरोटीन असतं आणि शरीर त्याचं अ जीवनसत्त्व करतं. कॅरोटीन हे नावच मुळी कॅरटवरून आलंय. म्हणजे ज्याच्या पोटात अ जीवनसत्त्व जातच नाही, त्याला दिवेलागणीनंतर दिसेनासं होतं, तो रातांधळेपणा. अशा माणसाला गाजर खरंच औषधासारखं लागू पडतं. गाजराआधीही लोकांना याचा उपाय ठाऊक होता: सुश्रुतसंहितेत नक्तांध्यावर बोकडाचं यकृत सांगितलंय. यकृतात तयार अ जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं, त्यामुळे तो उपाय आजच्या हिशेबानेही बरोबर ठरतो.

गोची पुढे आहे. अ जीवनसत्त्वाचं काम गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं चालतं. टाकी रिकामी असेल तर नळ कोरडा. टाकी भरलेली असताना मोटर चालूच ठेवली तर नळाला जास्त जोर येत नाही, पाणी गच्चीवरून वाहून जातं, एवढंच. धडधाकट माणसाच्या यकृतात अ जीवनसत्त्वाचा काही महिने पुरेल इतका साठा असतो. घरात दूध, तूप, अंडी, पालेभाजी नियमित असेल, तर तुमच्या मुलीची टाकी बहुधा भरलेलीच आहे.

आणि तिचा नंबर या टाकीचा प्रश्नच नाही. मायनस नंबर म्हणजे डोळ्याचा गोळा पुढून मागे गरजेपेक्षा लांब झालेला असतो. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. त्यात एक मिलिमीटर वाढला की सुमारे अडीच ते तीन नंबर लागतो. म्हणजे तुमच्या मुलीचा डोळा जेमतेम अर्धा मिलिमीटर जास्त वाढलाय. फळ्याचं चित्र पडद्याच्या अलीकडेच जुळतं आणि पडद्यावर धूसर पडतं. लांब झालेला डोळा रसाने आखूड होत नाही. पायाने वाढलेल्या पोराला काय खायला घालून आपण जुन्या चपलेत बसवणार?

मग ‘आमच्या अमक्याचा नंबर गाजराने गेला’ असं सांगणारी माणसं खोटं बोलतात का? नाही. अशी माणसं माझ्या दुकानात येतात आणि त्यांचा नंबर खरोखरच बदललेला असतो. फक्त श्रेय भलत्यालाच जातं.

सगळ्यात ठसठशीत उदाहरण आजोबांचं. मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ आले, सत्तरीच्या पुढचे, धोतर-टोपी, हातात चाळिशी. काउंटरवर चाळिशी ठेवून म्हणाले, “ही घ्या परत, आता लागत नाही. वर्षभर गाजराचा रस घेतला.” मी वाचायचं कार्ड दिलं. बारीक अक्षर बिनचष्म्याने घडाघडा वाचलं त्यांनी, सोबतची नात बघतच राहिली. मग लांबचा तक्ता लावला, तर वरच्या दोन ओळींपुढे गाडी जाईना. बॅटरीने बघितलं तर बाहुलीच्या आत पिवळट तपकिरी झाक. मोतीबिंदू. भिंगाच्या गाभ्यात मोतीबिंदू पिकायला लागला की भिंगाची ताकद वाढते, डोळा मायनसकडे सरकतो, आणि काही काळ जवळचं बिनचष्म्याचं दिसायला लागतं. माणसाला वाटतं नजर परत आली. त्यांना सांगताना मला खरंच जड गेलं. ते म्हणाले, “म्हणजे गाजर वाया गेलं म्हणायचं?”

दुसरे मधुमेही. रक्तातली साखर फार चढली की भिंग फुगतं आणि नंबर सरकतो. साखर आटोक्यात आली की काही आठवड्यांत तो परत मूळ जागी येतो. त्याच सुमारास घरच्यांनी रस चालू केलेला असतो. म्हणूनच साखर वरखाली होत असेल तर मी नवीन काच करून देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

तिसरी मुलं. तास न् तास मोबाइल जवळ धरला की डोळ्याचा आतला स्नायू आखडून बसतो आणि तपासताना असतो त्यापेक्षा जास्त मायनस निघतो. सुट्टीत पोरगं गावी गेलं, दिवसभर उंडारलं, स्नायू सैल झाला, नंबर कमी भरला. आजीने गाजरं खाऊ घातली होती, झालं.

गाजराच्या कीर्तीला एक परदेशी फोडणीही आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानं रात्री इंग्लंडवर बॉम्ब टाकत होती. ब्रिटिश हवाई दलाच्या ६०४ स्क्वाड्रनमधल्या जॉन कनिंगहॅम या वैमानिकाने नोव्हेंबर १९४० मध्ये रात्रीच्या अंधारात एक जर्मन विमान पाडलं. युद्ध संपेपर्यंत त्याच्या खात्यावर अशी वीस विमानं जमा झाली, त्यातली एकोणीस रात्रीची. वर्तमानपत्रांनी त्याचं नाव ‘मांजरडोळ्या’ पाडलं आणि हे वैमानिक गाजरं खातात म्हणून त्यांना अंधारात दिसतं अशी हवा झाली. खरी करामत होती विमानात बसवलेल्या रडारची, आणि ते गुपित होतं. जर्मनांना ही थाप पटली असेल असं मला वाटत नाही, त्यांचे स्वतःचे रडार होतेच. इंग्लंडातल्या घराघरांत मात्र ती चांगलीच पटली. तिथे दिवेबंदी होती, साखरेचं रेशनिंग होतं, आणि गाजरं मात्र पोत्यांनी पडून होती. अन्न मंत्रालयाने ‘डॉक्टर कॅरट’ नावाचं कार्टून काढलं आणि गाजर खा, काळोखात दिसेल अशी जाहिरात केली. सरकारला गाजरं खपवायची होती. आपल्याकडे ‘गाजर दाखवणं’ म्हणतात ते तरी वेगळं काय असतं!

आता गाजर खायचं तर कसं, ते सांगतो, कारण तुमचा रस बघून मला जास्त कळवळा आला. बीटा कॅरोटीन तेलातुपात विरघळतं. नुसत्या रसाबरोबर ते अंगी नीट लागत नाही. त्यापेक्षा किसलेलं गाजर, दाण्याचं कूट, वरून हिंग-मोहरीची फोडणी, म्हणजे आपली साधी कोशिंबीर. हिवाळ्यात येतं ते लाल दिल्ली गाजर गोड असतं, हलव्याला झकास, पण त्याचा लाल रंग लायकोपीनचा, टोमॅटोत असतं तेच, आणि लायकोपीनचं अ जीवनसत्त्व होत नाही. त्या बाबतीत बारमाही नारंगी गाजर सरस. आणि दोन्हींच्या कितीतरी पुढे आहे शेवग्याचा पाला, जो आपण शेंगा तोडून झाल्यावर शेळीपुढे टाकतो. माठ, राजगिरा, अळू, मेथी हीसुद्धा त्याच पंगतीतली. शेवग्याच्या पाल्याला जाहिरात करणारा डॉक्टर मिळाला नाही, हेच त्याचं दुर्दैव.

जास्त गाजर खाऊन विषबाधा होत नाही, कारण शरीर लागेल तेवढंच अ जीवनसत्त्व करून घेतं. फार झालं तर तळहात-तळपाय पिवळे पडतात. एक बाई नातवाला कावीळ झाली म्हणून घाबरल्या होत्या. चष्मा दुरुस्तीला आल्या होत्या म्हणून मी त्याच्या डोळ्यांत बघितलं, पांढरा भाग स्वच्छ पांढरा. काविळीत तो आधी पिवळा होतो. रोजचे दोन ग्लास रस बंद केले, पोरगं पूर्ववत झालं. गोळ्यांचं मात्र तसं नाही. तयार अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने देऊ नका, ते यकृतात साठत जातं. गरोदर बाईने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नयेत. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत सरकारी डोस मिळतात, एकूण नऊ. तुमच्या मुलीला तेव्हा ते मिळाले असतील.

एका गोष्टीत मात्र गाजरावर विसंबणं महागात पडतं. संध्याकाळ झाली की मूल अडखळतंय, उंबऱ्याला ठेचकाळतंय, असं दिसलं तर थेट नेत्रतज्ज्ञांकडे न्या. माझ्याकडे एक तरुण आला होता, अंधार पडला की मोटारसायकल चालवता येईना. घरचे दोन वर्षं गाजर खाऊ घालत होते. आईवडील नात्यातले, वडिलांचं मामाच्या मुलीशी लग्न झालेलं. मी मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली, निदान निघालं रेटिनायटिस पिगमेंटोसा, पडद्याचा आनुवंशिक आजार. नात्यातल्या लग्नांत तो जास्त दिसतो.

तुमच्या मुलीकडे परत. चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही, मूल वाढतं म्हणून डोळा वाढतो. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन बघितलेल्या अभ्यासांत वाढ थांबली नाही, काहींत उलट जास्त झाली. मायनस लागण्यावर खरा उतारा घराबाहेर आहे. तैवानने २०१० पासून शाळांतल्या मुलांना रोज १२० मिनिटं उघड्यावर काढायला लावली, आणि कमी दिसणाऱ्या मुलांचं वर्षानुवर्षं चढत गेलेलं प्रमाण उतरायला लागलं. वर्गातल्या उजेडापेक्षा अंगणातला उजेड झाडाच्या सावलीतही कितीतरी पट जास्त असतो. लागलेला नंबर त्याने जात नाही, तरी खेळू द्याच. रस काढायचा वेळ सासूबाईंनी नातीला घेऊन मैदानावर काढला, तर दोघींचंही भलं. नंबर भराभर वाढायला लागला तर ॲट्रोपिनचे सौम्य थेंब असतात, ते नेत्रतज्ज्ञच ठरवतील.

आणि शाळेत निघालेला मायनस दीड अखेरचा धरू नका. बाहुली मोठी करणारे थेंब घालून एकदा नीट तपासून घ्या, आखडलेल्या स्नायूचा भाग असेल तर तिथे कळेल. थेंबांनी पुढे एखादा दिवस जवळचं धूसर दिसतं, तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी नेऊ नका.