‘द चेंची’ की घराचं डिपॉझिट?

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका वाचक ताईंनी विचारलं आहे. वय ३४, गाठीशी ३१,००० पौंड, दोन वर्षांत पहिलं घर घ्यायचं आहे; ही रक्कम त्याच्या डिपॉझिटसाठी, म्हणजे घर घेताना सुरुवातीला स्वतः भरायच्या पैशांसाठी. पुण्यात एम.ए. करताना इंग्रज कवी शेलीचं वेड लागलं ते अजून गेलेलं नाही. आता जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडे शेलीच्या ‘द चेंची’ या पद्य-शोकांतिकेची १८१९ची पहिली आवृत्ती ७,००० पौंडांना मिळते आहे. ‘हौसही भागेल आणि पैसेही वाढतील, घेऊ का?’

ताई, आधी तुमच्या बाजूचं बोलतो. ही आवृत्ती खरंच दुर्मीळ आहे. शेली तेव्हा इटलीत होता. तिथे छपाई स्वस्त पडते म्हणून त्याने लिव्होर्नोमध्ये २५० प्रती छापून घेतल्या आणि विक्रीसाठी लंडनला धाडल्या. एरवी ‘पहिली आवृत्ती’ या शब्दांना मी भुलत नाही. त्याच काळातला कवी बायरन याच्या तीन नाटकांचं १८२१चं पुस्तकही पहिली आवृत्तीच, पण मरे या प्रकाशकाने ते हजारोंनी काढलं होतं.

पण दुर्मीळ म्हणजे वाढणारच, हे कुणी सांगितलं? जेरोम कर्न या अमेरिकन संगीतकाराकडे शेलीच्या ‘क्वीन मॅब’ या काव्याची, खुद्द त्याच्या हातच्या दुरुस्त्या असलेली प्रत होती. जानेवारी १९२९मध्ये तिला लिलावात ६८,००० डॉलर आले. तीच प्रत १९५१मध्ये ८,००० डॉलरला गेली. पुस्तक तेच, शेलीही तोच. पैसेवाले हौशी तेवढे पांगले होते.

आता तुमचा हिशेब. दुकानातली किंमत आणि तुम्ही विकायला गेल्यावर हातात पडणारी रक्कम यांत मोठी दरी असते. समजा, हीच प्रत उद्या लिलावात ठेवली आणि बोली ४,५००वर थांबली. लिलाव कंपनीचं कमिशन १५ टक्के धरलं, तर तुमचे ७,००० नुसते सुटायला बोली साधारण ८,२३५पर्यंत जायला हवी. म्हणजे दहा वर्षं दरसाल सहा टक्क्यांहून जास्त वाढ, तीही फक्त मुद्दल परत मिळवायला. विम्याचा खर्च वेगळा.

कराचंही एक गमतीदार कलम आहे. ब्रिटनमध्ये अशी वस्तू ६,००० पौंडांपर्यंत विकली तर भांडवली नफ्यावर कर नाही. पण ७,०००ला घेतलेली ४,५००ला विकलीत, तर ती ६,०००ला विकली असं धरतात, आणि तुमचा २,५००चा तोटा कागदावर १,०००च उरतो.

दुसरीकडे, ‘लाइफटाइम आयसा’ हे सरकार भर घालतं असं बचत खातं तुम्ही उघडलंय का, हे पत्रात नाही. नसेल तर याच आठवड्यात उघडा. वर्षाला ४,००० पौंड भरलेत की सरकार वर १,००० घालतं. घरासाठी ते काढायला खातं वर्षभर जुनं लागतं आणि घर ४,५०,००० पौंडांच्या आत हवं. चाळिशीनंतर हे खातं उघडताच येत नाही. तुमच्या जागी मी असतो तर पुस्तकाचं नाव काढण्याआधी हे केलं असतं.

म्हणून डिपॉझिटच्या पैशातून नको. घराच्या वेळी सात हजार कमी पडले तर प्रत घाईत, पडत्या भावाने काढावी लागेल.

तरी मन राहत नसेल, तर प्रत स्वतः हातात घेऊन बघा. मूळ बांधणी आहे, की पुढे कुण्या संग्राहकाने मोरोक्को चामड्यात नव्याने बांधून घेतली आहे? तशा प्रती दिसायला देखण्या, पण पुनर्बांधणीत बऱ्याचदा पानांच्या कडा छाटलेल्या असतात, आणि जाणकार संग्राहक साधी, न छाटलेली प्रत शोधतो. एखादं पान दुसऱ्या प्रतीतून आणून बसवलंय का, हेही विचारा. टॉमस वाइज हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा मोठा नावाजलेला इंग्रज पुस्तक-संग्राहक. त्याने विकलेल्या कित्येक ‘पहिल्या आवृत्त्या’ बनावट निघाल्या, आणि १९३४मध्ये ते उघड झालं ते कागद तपासल्यामुळे.

शेवटी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा, ‘ही प्रत पाच वर्षांनी तुम्हीच माझ्याकडून कितीला परत घ्याल?’ उत्तर लेखी मागा. आणि ‘द चेंची’ची १८२१ची दुसरी आवृत्ती कितीला पडेल, तेही त्याच भेटीत विचारून घ्या. तीही शेलीच्या हयातीतलीच आहे.